मातीचे कैवारी जोतीराव फुले

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील वाचकांस महात्मा जोतीराव फुले हें नांव नवें नाहीं. पुण्यांत मुलींची शाळा काढणारे, अस्पृश्य गणलेल्यांच्या मुलांस अक्षरें शिकविणारे व सत्यशोधक समाज स्थापन करणारे पुरुष म्हणून त्यांची कीर्ति घरोघर आहे. परंतु जोतीराव हे शेतकरीही होते. शेताची माती कां धुपून जाते, तिचा कस कां उतरतो, आणि तो राखण्यास काय केलें पाहिजे, याचा त्यांनीं आपल्या हयातींत फार बारकाईनें विचार केला होता, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. ज्या डोंगरांतून कुकडी, मीना व घोड या नद्या खालीं येतात, त्या डोंगरांच्या कुशींत राहणाऱ्या शेतकऱ्यास त्यांच्या चरित्राचा हाच भाग अधिक जवळचा वाटेल. म्हणून त्यांची जीवनकथा आज आपण त्या बाजूनें पाहूं.

जोतीरावांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुण या गांवचें; आडनांव गोऱ्हे. आजोबा शेटीबा हे गांव सोडून पुणें प्रांतीं आले. त्यांच्या मुलांनीं फुलांचे हार व गजरे करण्याची कला उचलली, पेशव्यांच्या वाड्यांत त्यांचीं फुलें जाऊं लागलीं, आणि त्या धंद्यावरून लोक त्यांस फुले म्हणूं लागले. शेटीबांचे पुत्र गोविंदराव यांच्या पोटीं ११ एप्रिल १८२७ रोजीं जोतीरावांचा जन्म झाला. मूल एक वर्षाचें होतें न होतें तोंच आई चिमणाबाई वारल्या. पुढें सगुणाबाई या नात्यांतील बाईनें त्यांस आईच्या मायेनें वाढविलें.

गोविंदरावांनीं मुलास शाळेंत घातलें खरें. परंतु माळ्याच्या पोरास लिहिणें-वाचणें कशाला, अशी कानभरणी झाल्यावरून त्यास काढून मळ्यांत कामास लाविलें. १८४० सालीं नायगांवच्या खंडोजी नेवसे पाटलांची कन्या सावित्रीबाई हिच्याशीं जोतीरावांचें लग्न झालें. त्यांची शिक्षणाची गोडी मात्र मळ्याच्या कामानें गेली नाहीं. शेजारचे गफार बेग मुनशी व लेजिट साहेब या दोघांनीं मुलाची बुद्धि ओळखून गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. १८४७ पर्यंत त्यांचें शिक्षण तेथें झालें. मिशनच्या शाळेंतून मिळालेल्या ज्ञानाचा त्यांनीं जन्मभर उपयोग केला. तथापि त्यांनीं धर्मांतर केलें नाहीं, आणि एका निर्मिकाची भक्ति हा आपला स्वतंत्र मार्ग धरिला.

१८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढिली. त्यापूर्वीं अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली होती. त्या कामाबद्दल पतिपत्नींस घर सोडावें लागलें, शेणमातीचा मारा सोसावा लागला, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. पाणी हें एका जातीचें किंवा एका धनवंताचें नव्हे, ही त्यांची दृष्टि पुढें शेतीविषयीं लिहितांनाही कायम राहिली.

उदरनिर्वाहासाठीं जोतीरावांनीं मक्तेदारी केली. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल व खडकवासल्याचें धरण या कामांशीं त्यांचा मक्तेदार या नात्यानें संबंध आला. दगड, चुना, उतार आणि पाण्याचा जोर यांचें ज्ञान त्यांस असें कामावर उभें राहून मिळालें. पुण्याजवळ मांजरी येथें त्यांनीं जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागाईत केली. १८८२ सालीं हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें निवेदन देतांना त्यांनीं आपली ओळख व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपालिटीचे सभासद अशी लिहिली. त्याच निवेदनांत त्यांनीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणांत शेतीचें मूलज्ञान असावें अशी मागणी केली. ज्या शेतकऱ्याच्या करांतून सरकारचा खजिना भरतो, त्याचीं मुलें निरक्षर राहतात, हें शल्य त्यांस सलत होतें.

त्या काळीं दक्षिणेंतील कुणब्याची स्थिति कशी होती हें समजल्यावांचून जोतीरावांचे शेतीविषयींचे विचार समजणार नाहींत. जमीनमहसूल रोख द्यावा लागे, आणि तीस वर्षांनीं नवी पाहणी झाली म्हणजे बहुधा आकार वाढे. पीक बुडालें तरी हप्ता चुकत नसे. हप्त्यासाठीं कुणबी सावकाराच्या दारीं जाई, आणि एकदां कागदावर अंगठा उठला म्हणजे जमीन हळूहळू सावकाराच्या नांवावर चढे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले, आणि ती आग पुणें व नगर जिल्ह्यांत पसरली. लगेच १८७६-७७ चा घोर दुष्काळ पडला. जोतीरावांनीं व त्यांच्या मित्रांनीं पुण्याजवळ धनकवडी येथें उपाशी मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें. १८७८ सालीं जंगलांचा नवा कायदा झाला, आणि डोंगर, पडीक रानें व चराऊ कुरणें यांवर जंगलखात्याचा पहारा बसला. एकीकडून कर, दुसरीकडून कर्ज व तिसरीकडून जंगलबंदी, अशा तिहेरी पेंचांत शेतकरी सांपडला.

या सुमारास जुन्नर तालुक्याशीं जोतीरावांचा जवळचा संबंध आला. तेथें सत्यशोधक समाजास पुष्कळ अनुयायी मिळाले. ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनीं ब्राह्मण पुरोहितावांचून घरचें लग्न लाविलें, तेव्हां गांवच्या जोश्यांनीं दक्षिणेच्या हक्कासाठीं त्यांजवर फिर्याद केली, आणि तो वाद मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. जोतीरावांनीं बाळाजी पाटलांची बाजू घेऊन ग्रामजोश्यांविषयीं एक जाहीर खबर छापून वांटली. १८८५ च्या सुमारास याच तालुक्यांतील कुळांनीं सावकारांच्या जमिनी जाचक खंडानें कसण्याचें नाकारिलें, आणि कित्येक शेतें पडीक राहिलीं.

ही गोष्ट वरवर पाहतां खंडाची व दक्षिणेची दिसते. परंतु तिचा मातीशीं निकटचा संबंध आहे. बांध घालणें, दगड वेंचणें, शेणखत वाहून नेणें, विहिरीचा गाळ शेतांत पसरणें, या कामांचें फळ एका वर्षांत मिळत नाहीं. तें पांच-दहा वर्षांनीं मिळतें. पुढच्या वर्षीं हें शेत आपल्याकडे राहील कीं नाहीं, याची ज्याला शाश्वति नाहीं, तो त्या शेतावर पांच वर्षांचे कष्ट कां ओतील? आणि जो सावकार कधीं बांधावर येत नाहीं, त्यास ताल फुटल्याची वार्ता कोण सांगणार? कर्जांत बुडालेल्या मालकाची व हक्क नसलेल्या कुळाची जमीन अशा रीतीनें दोघांच्याही मायेस पारखी होते.

याच वर्षांत जोतीरावांनीं शेतकऱ्याचा असूड हें पुस्तक लिहिलें. तें १८८३ सालीं पूर्ण झालें. त्याचीं पहिलीं दोन प्रकरणें मुंबईच्या दीनबंधु पत्रांत प्रसिद्ध झालीं. पुढचीं छापण्याचें धैर्य छापखान्यास झालें नाहीं. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांस जोतीरावांनीं तें वाचून दाखविलें. समग्र पुस्तक लोकांच्या हातीं पडण्यास मात्र त्यांच्या मागें पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. त्यांतील भाषा चाबकासारखी आहे. भटशाही व सरकारी कामगार यांवर फटके आहेत. परंतु त्या फटक्यांच्या आवाजांत शेतीविषयींचा जो शांत विचार दडला आहे, तो आपण येथें वेगळा काढून पाहूं.

जमिनीचा कस कां गेला, या प्रश्नाचें जोतीरावांनीं दिलेलें उत्तर तीन अंगांचें आहे. पहिलें, पूर्वीं शेतकरी पाळीपाळीनें कांहीं शेतें पडीक टाकून त्यांस विसांवा देत. खाणारीं तोंडें वाढलीं, जमीन वांटली गेली, आणि पडीक टाकण्याची सोय उरली नाहीं. त्यामुळें तेंच शेत वर्षानुवर्षें पीक देऊन थकलें. दुसरें, पूर्वीं ज्याची शेती थोडी, तो डोंगरांतील उंबर, जांभूळ खाऊन, पळस व मोह यांचीं पानें-फुलें आणि लांकूडफांटा विकून, गांवच्या गायरानावर एकदोन गायी व चार शेरड्या पाळून दिवस काढी. जंगलखात्यानें डोंगर व गायरानें बंद केल्यावर जनावरें कमी झालीं. आणि जनावरें गेलीं म्हणजे शेणखतही गेलें. तिसरें, डोंगरावर झाडांचीं पानें, गवत, मेलेले किडे व जनावरें कुजून जें सत्त्व तयार होतें, तें वळवाच्या पावसानें धुपून ओढ्यांवाटे नदीला व नदीवाटे समुद्राला मिळतें, आणि शेतास त्याचा कांहीं लाभ होत नाहीं.

वाचकहो, हें तिसरें कारण नीट ध्यानांत घ्या. जंगल व शेत या दोन निराळ्या वस्तू असें जोतीरावांनीं मानलें नाहीं. डोंगरमाथा ही त्यांच्या दृष्टीनें शेताची खताची कोठी होती, आणि पाऊस हा तें खत वाहून आणणारा गाडीवान होता. गाडीवानास वाटेंत अडविलें नाहीं, तर तो माल उतरविल्यावांचून पुढें निघून जातो, आणि जातांना शेतांतली मातीही घेऊन जातो. आतां शास्त्रज्ञ एका ओढ्यास मिळणाऱ्या सर्व भूमीस पाणलोट क्षेत्र म्हणतात, व माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावें असें शिकवितात. तेंच तत्त्व या माळ्याच्या मुलानें आपल्या अनुभवावरून मांडलें होतें.

यावर उपाय सांगतांना त्यांनीं सरकारास पुढील सूचना केल्या. लष्करांतील व पोलीसखात्यांतील जे शिपाई शांततेच्या काळांत रिकामे बसतात, त्यांच्या हातून जागोजाग ताली व बंधारे बांधून घ्यावे. ते असे कीं पावसाचें पाणी एकदम धांवत न सुटतां आधीं शिवारांतील शेतांत मुरावें, व मग नदीनाल्यास मिळावें. डोंगरांच्या खोऱ्यांत साधतील तितकीं तळीं व तलाव बांधावे, म्हणजे खालच्या ओढ्यांस उन्हाळ्यांतही पाणी राहील व विहिरींस पाझर फुटेल. शेतांत घळी पडूं नयेत म्हणून पाणलोटाच्या बाजूच्या ताली वरचेवर दुरुस्त असाव्या. पाणाड्यांकडून पाहणी करवून पाण्याच्या जागा गांवच्या नकाशांत नोंदाव्या, आणि स्वतःच्या पैशानें विहीर बांधणारास बक्षीस द्यावें. नद्या व तलाव यांतील गाळ शेतकऱ्यास फुकट नेऊं द्यावा. गायरानें गांवांस परत करावीं. सरपणापुरतें लांकूड व शेतास राब तोडूं द्यावा, परंतु विक्रीसाठीं इमारती लांकूड तोडण्यास सक्त बंदी असावी. कालव्याचें पाणी प्रत्येकास त्याच्या गरजेच्या मानानें मोजून मिळावें. शेतकऱ्यांच्या मुलांस शेतकीचें शिक्षण द्यावें, आणि शेतकीचीं प्रदर्शनें भरवून उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसें द्यावीं.

या सूचनांत जोतीरावांचा समतोलपणा दिसतो. डोंगर सर्वस्वीं मोकळे सोडा असें ते म्हणत नाहींत, व सर्वस्वीं बंद करा असेंही म्हणत नाहींत. पोटासाठीं व शेतासाठीं लागतें तेवढें गांवानें घ्यावें, आणि नफ्यासाठीं रान कोणीही तोडूं नये, हा त्यांचा न्याय आहे.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं शेतकऱ्याची वकिली राजघराण्यापुढेंही केली. २ मार्च १८८८ रोजीं पुण्यांत ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मोठी मेजवानी झाली. भरजरी पोशाखांच्या त्या मेळ्यांत जोतीराव खांद्यावर घोंगडी टाकून शेतकऱ्याच्या वेषांत गेले. हिऱ्यामोत्यांनीं मढलेले हे लोक म्हणजे हा देश नव्हे, खरी प्रजा खेड्यांत अर्धपोटी आहे, असें त्यांनीं राणीच्या त्या पुत्रास समजावून सांगितलें. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत मुंबईच्या लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली. पुढें थोड्याच दिवसांत त्यांस अर्धांगवायूचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला. तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें सार्वजनिक सत्यधर्म हें पुस्तक लिहून पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला.

जोतीरावांच्या सूचना त्यांच्या हयातींत बहुतेक कागदावरच राहिल्या. परंतु पुढें एकामागून एक त्या सरकारास पटत गेल्या. मुंबई सरकारनें १९४२ सालीं जमीनसुधारणेचा कायदा करून बांधबंदिस्तीस हात घातला. १९७२ च्या दुष्काळांत लाखों लोकांनीं सरकारी कामावर नालाबंधारे व पाझर तलाव बांधले. शिपायांच्या जागीं मजूर आले, पण काम तेंच होतें. १९६८ सालीं राहुरी येथें स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठास महात्मा फुले यांचेंच नांव मिळालें आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनांत राहणाऱ्यांचे व गांवांचे वनावरील हक्क मान्य झाले. २०१७ सालीं राज्य सरकारनें धरणांतील व तलावांतील गाळ काढून शेतांत नेण्याची योजना सुरू केली. जोतीरावांच्या मागणीनंतर तोंपर्यंत १३४ वर्षें उलटून गेलीं होतीं.

आतां आपल्या दोन तालुक्यांकडे वळूं. जुन्नर व आंबेगांव यांचे स्वभावतः दोन भाग पडतात. पश्चिमेस नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंत सह्याद्रीचा पट्टा. तेथें पाऊस धो धो पडतो, भात, नाचणी व वरई पिकते, आणि महादेव कोळी व ठाकर बंधूंची वस्ती आहे. पूर्वेस नारायणगांव, मंचर या बाजूस पाऊस कमी. परंतु कुकडी प्रकल्पाचीं माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभें अशीं पांच धरणें झाल्यापासून तेथें ऊंस, कांदा, बटाटा, टोमॅटो व द्राक्षें यांचें बागाईत पसरलें आहे. डिंभें धरणाच्या पाण्याखालीं जुनें आंबेगांव बुडालें, हें त्या बागाइतासाठीं डोंगरच्या लोकांनीं दिलेलें मोल आहे.

पश्चिमेकडील दुखणें धुपीचें आहे. उतारावर उभें नांगरलें म्हणजे प्रत्येक तास हा पाण्याचा पाट होतो, आणि मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वरची सुपीक माती ओढ्यास जाते. खालीं उरतो तो मुरूम. भाताच्या रोपासाठीं राब भाजण्याची चाल आहे. त्यानें तण मरतें व राखेचें खत मिळतें. परंतु राबासाठीं झाडें दरसाल बोडकीं केलीं व शेणही त्यांतच जाळलें, तर कुजून माती होणारा पाला धुरांत जातो, आणि उघडा पडलेला डोंगर अधिकच धुपतो. म्हणून राब बेताचा करावा, झाडाचा शेंडा राखावा, आणि शक्य तेवढें शेण खड्ड्यांत कुजवून शेतास द्यावें.

याच भागांत पडकई म्हणून एक जुनी रीत आहे. सुगी आटोपल्यावर कांहीं कुटुंबें एकत्र होतात, आणि आज याच्या तर उद्यां त्याच्या शेतावर सर्वांनीं राबून उतार खोदतात, दगडाची ताल रचतात, माती सपाट करतात, व भाताचें खाचर तयार होतें. जोतीरावांस ज्या ताली शिपायांकडून बांधून हव्या होत्या, त्या हे गरीब लोक एकमेकांच्या श्रमावर बांधीत आले. आंबेगांव तालुक्यांतील शाश्वत या संस्थेनें या रीतीस बळ दिलें, आणि त्या कार्यास २०१२ सालीं संयुक्त राष्ट्रांचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. परंतु डोंगर हा सावधपणानें हाताळावयाचा असतो. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर अतिवृष्टींत कडा कोसळला, आणि सुमारें दीडशें माणसें मातीखालीं गेलीं. कारणांविषयीं जाणत्यांत मतभेद झाले. कोणीं पाऊस व तीव्र उतार यांस दोष दिला, कोणीं यंत्रांनीं केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखविलें. कारण कोणतेंही असो, तीव्र उतारावर यंत्र लावण्यापूर्वीं जाणत्यास विचारावें, माथ्याचीं झाडें राखावीं व पाण्यास सुरक्षित वाट द्यावी, एवढा धडा सर्वांनीं घ्यावा.

पूर्वेकडील दुखणें याच्या उलट आहे. तेथें माती वाहून जात नाहीं. ती जागच्या जागीं बिघडते. काळ्या चिकण जमिनीस गरजेपेक्षां अधिक पाणी दिलें व तें निघून जाण्यास चर नसला, म्हणजे खालचे क्षार पाण्याबरोबर वर चढतात. ऊन लागून पाणी उडतें, आणि क्षार वर पांढरे होऊन राहतात. अशी जमीन खारवट व चोपण होऊन शेवटीं गवतही देत नाहीं. त्यांतच युरियाच्या पोत्यांवर सर्व भिस्त ठेविली व शेणखत बंद केलें, तर मातींतील कुजका अंश संपतो. मग माती घट्ट होते, पाणी जिरत नाहीं, आणि खताचा खर्च वाढूनही पीक घटतें. पाणी मोजून द्यावें हा जोतीरावांचा आग्रह न्यायासाठीं होता. तोच आज मातीच्या रक्षणासाठींही खरा ठरला आहे.

उपाय आटोक्याबाहेरचे नाहींत. पाणी ठिबकानें किंवा बेतानें द्यावें. जमीन पाणथळ असेल तर सर्वांनीं मिळून चर काढावा, कारण एकट्याच्या शेतांतला चर शेजाऱ्याच्या बांधापाशीं थांबतो. उंसाचें पाचट पेटवूं नये. तें सरींत पसरून कुजूं द्यावें. ऊंस निघाल्यावर ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येतांच गाडावा. जमीन पडीक टाकण्याची सोय नसेल, तर निदान हरभरा, मूग, चवळी अशा शेंगेच्या पिकाची पाळी द्यावी. त्यांच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र जमिनींत आणतात, आणि थकलेल्या मातीस हाच विसांवा होय. खत घालण्यापूर्वीं मातीची परीक्षा करवावी. चोपण जमिनीस जिप्सम लागतो कीं नाहीं, हेंही परीक्षेवरूनच ठरवावें. नारायणगांवच्या कृषि विज्ञान केंद्राकडे यासंबंधीं विचारणा करतां येईल.

खेड्यांतील शिक्षक व उपदेशक बंधूंनीं या चरित्रांतून एक गोष्ट विशेष उचलण्याजोगी आहे. शेतकऱ्याच्या सर्व अनर्थांचें मूळ जोतीरावांनीं विद्येच्या अभावांत पाहिलें. ज्यास वाचतां येत नाहीं, त्यास सावकाराचा कागद फसवितो. आजच्या काळीं मातीच्या परीक्षेचा कागद वाचतां न आला, तर खतविक्याचा शब्दच प्रमाण मानावा लागतो. तेव्हां ज्यास अक्षरओळख आहे, त्यानें तो कागद शेजाऱ्यास वाचून दाखवावा, आणि पावसाळ्यापूर्वीं आपल्या वस्तींतील लोकांस जमवून फुटलेल्या ताली कोणत्या, त्या कोणत्या दिवशीं बांधावयाच्या, हें ठरवावें.

ओतूरच्या पाटलांपाठीं जोतीराव उभे राहिले, तेव्हां त्यांच्यापाशीं लष्कर नव्हतें कीं खजिना नव्हता. त्यांनीं मागितलेले बंधारे त्यांस पाहावयास मिळाले नाहींत. परंतु डोंगरापासून शिवारापर्यंत माती एक आहे, व ती राखण्याचें कामही सर्वांनीं एकत्र येऊन करावयाचें आहे, हें त्यांचें म्हणणें काळानें खरें करून दाखविलें. पाऊस दरसाल येणारच. आपल्या बांधावर तो थांबेल कीं आपली माती घेऊन जाईल, हें ज्येष्ठ लागण्यापूर्वीं आपल्याच हातांनीं ठरावयाचें आहे.